राउंडक्यूब वेबमेल : लिनक्स सर्व्हरवरील लॉगिनचा बिघाड

राउंडक्यूब हे पीएचपीत लिहिलेले मुक्त वेबमेल. ब्राउझरमधून मेल वाचता यावी म्हणून लिनक्स सर्व्हरवर ते सर्रास बसवले जाते. लॉगिन होत नाही अशी तक्रार आली, की लोक आधी पासवर्ड बदलायला धावतात. पण राउंडक्यूब पासवर्ड स्वतः तपासतच नाही. भरलेले नाव आणि पासवर्ड ते आयमॅप सर्व्हरच्या, म्हणजे मेल साठवून वाचायला देणाऱ्या सर्व्हरच्या, हवाली करते; हा सर्व्हर बहुधा डवकॉट असतो. त्याने होकार दिला, की मगच सेशन, म्हणजे लॉगिन टिकवून ठेवणारी नोंद, उघडते. या साखळीतली कोणती कडी तुटली हे कळण्याआधी सेटिंगला हात लावू नये.

पहिला सुगावा पडद्यावरच मिळतो. ‘लॉगिन फेल्ड’ म्हणजे सहसा डवकॉटपर्यंत निरोप गेला आणि त्याने नकार दिला. स्टोरेज सर्व्हरशी (म्हणजे आयमॅप सर्व्हरशी) जोडणी झाली नाही असा संदेश असेल, तर पासवर्ड तपासण्याची वेळच आलेली नाही. डवकॉट बंद असेल, आयमॅपचा १४३ किंवा ९९३ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे जोडणीचे दार, अडलेला असेल, नाहीतर सर्व्हरची ओळख सांगणारे सर्टिफिकेट पटलेले नसेल.

नकाराचे कारण डवकॉटच्या लॉगमध्ये सापडते. सोबत सर्व्हरवर ‘डवॲडम ऑथ टेस्ट’ ही पासवर्ड थेट डवकॉटकडून तपासून घेणारी कमांड चालवावी. तिथे पासवर्ड चालतो आणि वेबमेलमध्ये चालत नाही, असे दिसले तर युजरनेम पाहावे. डवकॉटला पूर्ण ईमेल पत्ता हवा असतो आणि माणूस नुसते नाव टाकतो, हे फार वेळा घडते. राउंडक्यूबच्या कॉन्फिगमध्ये डोमेन आपोआप जोडण्याची सोय आहे.

सर्टिफिकेटचा घोळ सर्वांत फसवा. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचे नेहमीचे सर्टिफिकेट ९० दिवसांचे असते आणि सर्टबॉट हा प्रोग्राम ते मुदतीच्या साधारण ३० दिवस आधी बदलतो. नवी फाइल डिस्कवर येते, पण डवकॉट रीलोड केला नाही तर तो जुनेच सर्टिफिकेट देत राहतो. महिनाभर कुणाला पत्ता लागत नाही. मग जुन्याची मुदत संपते आणि एका सकाळी सगळ्यांचेच वेबमेल अडते. वेबसाइटचे सर्टिफिकेट मात्र ताजे दिसते, त्यामुळे शंका भलतीकडेच जाते. सर्टबॉटच्या डिप्लॉय हुकमध्ये, म्हणजे नवे सर्टिफिकेट आल्यावर आपोआप चालणाऱ्या कमांडमध्ये, डवकॉटचा रीलोड टाकला, की हा प्रश्न मिटतो. राउंडक्यूबच्या कॉन्फिगमध्ये आयमॅपचा होस्ट म्हणून ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे तेच मशीन) लिहून टीएलएस ही सांकेतिक जोडणी वापरली, तरी जोडणी अडू शकते, कारण सर्टिफिकेटवर नाव मेल सर्व्हरचे असते. २०१४ च्या पीएचपी ५.६ पासून ही तपासणी मुळातच चालू असते.

रेड हॅट घराण्यातील सर्व्हरवर कमांड लाइनवरून पोर्ट उघडा दिसतो आणि ब्राउझरमधून जोडणी होत नाही, असे झाल्यास एसईलिनक्स, म्हणजे कोणत्या प्रोग्रामला काय करू द्यायचे ते ठरवणारी लिनक्सची सुरक्षाव्यवस्था, तपासावे. वेब सर्व्हरला बाहेर जोडणी करू देणारे एकच बूलियन, म्हणजे चालू-बंद सेटिंग, चालू करावे. त्यासाठी सगळे एसईलिनक्स बंद करण्याचा सल्ला जागोजागी मिळतो. तो मानू नये.

वेबमेल वेगळ्या मशीनवर असेल, तर डवकॉटला सगळे लोक सहसा एकाच आयपीवरून आलेले दिसतात. एकाने चार-पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला, की फेलटूबॅन हा लॉग पाहून आयपीवर बंदी घालणारा प्रोग्राम ती आयपीच अडवतो आणि सारे कार्यालय बाहेर राहते. ती आयपी सवलतीच्या यादीत घालून बंदीसाठी राउंडक्यूबचा स्वतःचा लॉग वापरावा.

डवकॉटच्या लॉगमध्ये लॉगिन यशस्वी, तरी पडद्यावर पुन्हा लॉगिनचेच पान, असे असेल तर दोष सेशनचा. राउंडक्यूब सेशन मुळात डेटाबेसमध्ये ठेवते. डिस्क भरली किंवा सेशन टेबल बिघडले, की ते टिकत नाही. त्यामुळे इथे आधी डिस्कवरची मोकळी जागा पाहावी.