मणक्यांमधील चकतीची इजा आणि कायरोप्रॅक्टिक उपचार

पाठीच्या कण्यात दोन मणक्यांच्या मध्ये एक लवचिक चकती असते. ती फुगणे, तिचे बाहेरचे कडे चिरणे किंवा त्या चिरेतून आतला गर बाहेर येऊन शेजारच्या नसेला त्रास होणे, या सगळ्याला मिळून चकतीची इजा म्हणतात. घराघरांत याला ‘गादी सरकली’, ‘नस दबली’, ‘मणक्यात गॅप आला’ असे म्हटले जाते आणि दवाखान्यात ‘स्लिप डिस्क’. प्रत्यक्षात चकती सरकत नाही. वरच्या आणि खालच्या मणक्याला ती घट्ट जोडलेली असते. हे आरंभीच सांगणे भाग आहे, कारण सरकलेली वस्तू हाताने जागेवर बसवता येते या समजुतीवर रुग्णाचे पैसे आणि वेळ दोन्ही खर्च होतात. कायरोप्रॅक्टिक ही अमेरिकेत जन्मलेली, मुख्यतः हातांनी कण्याच्या सांध्यांवर केली जाणारी उपचारपद्धती आहे. योग्य रुग्णात तिने वेदना कमी होऊ शकते; चकती मात्र तिने ‘बसत’ नाही.

रचना : कण्यात मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ मणके सुटे असतात, त्याखालचे त्रिकास्थी व माकडहाडाचे मणके एकमेकांत जुळलेले असतात. चकत्या २३. डोके व पहिला मणका यांच्यात आणि मानेच्या पहिल्या दोन मणक्यांत चकती नसते. सर्वांत खालची चकती कमरेचा पाचवा मणका व त्रिकास्थी यांच्यामध्ये असते. प्रत्येक चकतीत मध्यभागी पाण्याने भरलेला लिबलिबीत गर आणि भोवती कोलॅजेन या चिवट प्रथिनाच्या तंतूंचे कडे असते. हे कडे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे १५ ते २५ थरांचे असते. एका थरातील तंतू एका बाजूला तिरके, तर पुढच्या थरातील उलट बाजूला तिरके असतात. त्यामुळे कोणत्याही दिशेला वळले तरी काही थर ताण झेलतात. तरुणपणी गराचा ८० टक्क्यांहून अधिक भाग पाणी असतो. दिवसभर उभे राहून, बसून त्यातले थोडे पाणी पिळून निघते आणि रात्री आडवे झाल्यावर परत शोषले जाते. सकाळी मोजलेली उंची संध्याकाळपेक्षा दीड-दोन सेंटिमीटर जास्त भरते ती यामुळेच.

प्रौढ चकतीच्या आत रक्तवाहिन्या नसतात. तिला लागणारा प्राणवायू व साखर मणक्यांच्या सपाट पृष्ठांतून झिरपत येते, म्हणून चकतीची दुखापत भरून यायला स्नायूच्या दुखापतीपेक्षा फार जास्त वेळ लागतो. वेदना जाणणाऱ्या नसाही निरोगी चकतीत फक्त बाहेरच्या थरांपर्यंत पोचतात. आतले थर चिरत असताना माणसाला काही कळत नाही; जे कळते ते शेवटच्या थराला झळ लागल्यावर.

या चकतीवर किती भार येतो, याचे मोजमाप स्वीडनमधील आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून केले. पुढे जर्मनीतील उल्म येथे एका निरोगी स्वयंसेवकाच्या कमरेच्या चकतीत दाबमापक बसवून सुमारे दिवसभर नोंदी घेतल्या गेल्या. त्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पडून असताना दाब ०.१ मेगापास्कल (दाब मोजण्याचे एकक), उभे असताना ०.५. वीस किलोचे ओझे पाठ वाकवून उचलताना तो २.३ झाला, गुडघे वाकवून उचलताना १.७ आणि तेच ओझे अंगाजवळ धरून उभे राहिल्यावर १.१. एकाच माणसावरचे हे आकडे असले, तरी ओझे अंगाजवळ घ्या असे फिजिओथेरपिस्ट का सांगतात ते त्यांतून स्वच्छ दिसते.

कारणे : हंडा उचलताना, पोते फिरवताना कमरेत चमक भरली, एवढेच रुग्णाला आठवते. त्या क्षणाआधी चकती बहुधा काही वर्षे झिजत आलेली असते. वयाबरोबर गरातले पाणी कमी होते, कडे ठिसूळ होते आणि वाकून वळण्याच्या एखाद्या हालचालीत चीर पडते. धूम्रपान, वाढलेले वजन, दीर्घकाळ हादरे बसणारी वाहने चालवणे यांनी भर पडते. तरीही दोष कामालाच देणे बरोबर नाही. फिनलंडमधील जुळ्या भावांचे एमआरआय तपासणाऱ्या अभ्यासात, एकाने जन्मभर जड काम केले आणि दुसऱ्याने बैठे, तरी चकत्यांची झीज बरीचशी सारखी आढळली; आनुवंशिकतेचा वाटा कामाच्या वाट्यापेक्षा मोठा निघाला. ‘मी नीट बसलो नाही म्हणून हे झाले’ असे स्वतःला लावून घेणाऱ्या रुग्णांना हे सांगायला हवे.

फुटलेली चकती आणि पायातली कळ यांचा संबंध बॉस्टनमधील शल्यचिकित्सक विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार यांनी १९३४ मध्ये ठामपणे मांडला. चरकसंहितेत कुल्ल्यापासून मांडी, गुडघा, पोटरीवरून पावलापर्यंत जाणाऱ्या या वेदनेचे वर्णन गृध्रसी या नावाने आहे. आज ती सायटिका म्हणून ओळखली जाते. निव्वळ दाबाने ही वेदना होत नाही. बाहेर आलेल्या गरातील रसायनांनी नसेच्या मुळाशी दाह होतो. म्हणूनच लहानशा फुगवट्याने कुणी अंथरुणाला खिळतो आणि मोठा फुगवटा असूनही कुणी हिंडत असतो.

लक्षणे व तपासणी : कमरेच्या फुटलेल्या चकत्यांपैकी बहुतेक सगळ्या शेवटच्या दोन पातळ्यांवरच्या असतात. चौथ्या-पाचव्या मणक्यामधील चकतीने सहसा पाचव्या कंबर-नसेला त्रास होतो : पावलाच्या वरच्या बाजूला व अंगठ्याकडे मुंग्या येतात, अंगठा वर उचलण्याची ताकद कमी होते, टाचांवर चालता येत नाही. त्याखालच्या चकतीने पहिली त्रिक-नस धरली जाते : करंगळीकडची कड बधिर होते, चवड्यांवर उभे राहता येत नाही, टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारली तरी पाऊल उडत नाही. मानेच्या चकतीने कळ हाताच्या अंगठ्याकडे किंवा मधल्या बोटाकडे जाते. कोणत्या बोटाला मुंग्या येतात हा साधा प्रश्न म्हणूनच मोलाचा आहे. रुग्णाला उताणे झोपवून सरळ पाय वर उचलला असता साधारण ३० ते ७० अंशांत गुडघ्याखाली कळ गेली, तर नस चिडल्याची शंका पक्की होते. ही चाचणी फ्रेंच वैद्य शार्ल लासेग यांच्या नावाने ओळखली जाते.

साध्या एक्स-रेत हाडे दिसतात, चकती दिसत नाही. दोन मणक्यांतली जागा कमी झालेली तेवढी कळते. एमआरआयमध्ये चकती स्पष्ट दिसते, पण तिथे दुसरी अडचण येते. पाठ कधीच न दुखलेल्या ९८ जणांचे एमआरआय १९९४ मध्ये अमेरिकेत तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत किमान एक चकती फुगलेली आणि २७ टक्क्यांत गराचा उंचवटा आलेला आढळला. २०१५ मधील एका मोठ्या आढाव्यानुसार, काहीही त्रास नसलेल्या विशीतल्या माणसांत चकतीची झीज ३७ टक्के, तर ऐंशीच्या वयात ९६ टक्के दिसते. हातातला अहवाल आणि पायातली कळ एकाच नसेकडे बोट दाखवत असतील, तरच त्या अहवालाला अर्थ आहे. ‘तीन गाद्या गेल्या’ एवढे ऐकून घाबरलेली माणसे उगाच हालचाल सोडून देतात, आणि त्यातून होणारे नुकसान चकतीच्या नुकसानापेक्षा मोठे ठरते.

आपोआप बरे होणे : या विषयातली सर्वांत आशादायक आणि सर्वांत कमी सांगितली जाणारी बाब हीच आहे. बाहेर आलेला गर शरीराला परका वाटतो; रक्तातून आलेल्या भक्षक पेशी तो हळूहळू खाऊन टाकतात. जितका तुकडा मोठा आणि सुटा, तितकी तो विरघळण्याची शक्यता जास्त. पुन्हा केलेल्या एमआरआयमध्ये पूर्ण सुटलेले तुकडे बहुतेक रुग्णांत आक्रसलेले आढळतात, साधे फुगवटे मात्र बहुधा तसेच राहतात. बहुसंख्य रुग्णांची पायातली कळ सहा आठवडे ते तीन महिन्यांत उतरते. नेदरलँड्समध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते. पलंगावर पडून राहण्याने मात्र काही साधत नाही. तेही चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. म्हणून कोणत्याही उपचाराची परीक्षा करताना विचारायचे ते हेच, की त्याने निसर्गक्रमापेक्षा किती लवकर किंवा किती जास्त आराम दिला.

कायरोप्रॅक्टिकचा उगम : कॅनडात जन्मलेला डॅनियल डेव्हिड पामर (१८४५–१९१३) अमेरिकेतील आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट येथे चुंबकीय उपचार करत असे. सप्टेंबर १८९५ मध्ये त्याने त्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वी लिलार्ड या बहिऱ्या माणसाच्या पाठीतला मणका ढकलला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असा दावा केला. कानाची नस थेट मेंदूत जाते, पाठीच्या मणक्यांतून नाही. त्यामुळे ही कथा शरीररचनेत बसत नाही. पामरने मात्र तीवरून सिद्धान्त उभा केला : मणके किंचित हलल्याने नसांतून वाहणारी जन्मजात चेतना अडते आणि त्यातून जवळजवळ सगळे रोग होतात. १८९७ मध्ये त्याने शाळा काढली. विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल १९०६ मध्ये तो तुरुंगातही गेला. मुलगा बी. जे. पामर याने पद्धतीचा प्रसार केला. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने तिच्यावर बहिष्कार घातला. त्याविरुद्ध कायरोप्रॅक्टरांनी १९७६ मध्ये खटला भरला आणि १९८७ मध्ये निकाल असोसिएशनच्या विरोधात गेला. मणका हलल्याने सर्व रोग होतात या सिद्धान्ताला पुरावा मिळालेला नाही. आज या व्यवसायात दोन प्रवाह दिसतात. एक अजून तोच सिद्धान्त धरून आहे, दुसरा पाठ-मान-सांध्यांच्या दुखण्यापुरते स्वतःला मर्यादित ठेवतो. चकतीच्या रुग्णाने दुसऱ्याकडेच जावे.

टेबलावर काय होते : कुशीवर झोपवून वरचा खांदा मागे आणि वरचा गुडघा पुढे घेतात, कंबर ताणाच्या टोकाशी आणतात आणि एक झटपट पण अगदी थोड्या अंतराचा धक्का देतात. ‘कट्’ असा आवाज येतो. तो हाड बसल्याचा नसतो, चकतीतलाही नसतो. मणक्यांच्या मागच्या बाजूच्या छोट्या सांध्यांतील द्रवात दाब एकदम उतरून वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. आवाज आला नाही म्हणून उपचार फसला असे होत नाही. धक्क्यानंतर स्नायूंचा आवळपणा सैल होतो, वेदनेची जाणीव काही काळ मंदावते आणि माणूस वाकू-फिरू लागतो.

चकतीच्या रुग्णासाठी अनेक कायरोप्रॅक्टर हा धक्का टाळून वेगळी पद्धत वापरतात. रुग्ण दुभंगलेल्या टेबलावर पालथा झोपतो, उपचारक एका हाताचा तळवा मणक्याच्या उंचवट्यावर टेकवतो आणि दुसऱ्या हाताने टेबलाचा पायाकडचा भाग हळूहळू खाली-वर करतो. ही लयबद्ध ओढ काही सेकंदांची असते आणि पायातली कळ वाढते का हे विचारत विचारत दिली जाते. अमेरिकेतील जेम्स कॉक्स यांनी ती विकसित केली. मृतदेहांवरील प्रयोगांत या ओढीने चकतीतला दाब घटलेला दिसला आहे. कळ पावलातून वर सरकत कमरेशी आली, तर ते सुधारणेचे लक्षण मानतात, जरी कंबर थोडी जास्त दुखली तरी. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांच्या व्यायामपद्धतीचा पायाही हेच निरीक्षण आहे.

पुरावा : चकतीच्या इजेवर चाचण्या मोजक्याच आहेत. रोममध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ताज्या दुखण्याच्या १०२ रुग्णांपैकी काहींना खरा आणि काहींना नकली उपचार दिला. पायात जाणारी वेदना पूर्ण थांबलेले खऱ्या उपचारात ५५ टक्के, नकलीत २० टक्के निघाले. कॅनडातील कॅल्गरी येथे शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ४० जुनाट रुग्णांपैकी निम्म्यांना आधी कायरोप्रॅक्टिक दिले, तेव्हा त्यातील ६० टक्क्यांना शस्त्रक्रियेइतकाच गुण आला. उरलेल्यांना नंतर शस्त्रक्रियेने गुण आला. गट लहान आहेत, त्यामुळे एवढ्यावर ठाम निष्कर्ष काढता येत नाही. साध्या जुनाट कंबरदुखीत हातांच्या उपचाराचा परिणाम व्यायामासारख्या इतर मान्य उपचारांइतकाच ठरतो. ब्रिटनची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे तो व्यायामाच्या जोडीनेच द्यावा असे सांगतात. बारा सत्रांचे पॅकेज आगाऊ विकणाऱ्याकडे व्यायाम शिकवण्याची तयारी नसेल, तर तिथून उठावे.

धोके : उपचारानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणे नेहमीचे आहे. गंभीर इजा विरळ असते, पण ती होते, आणि बहुधा चुकीचा रुग्ण निवडल्याने. लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघेत व बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, दोन्ही पायांतली ताकद जाणे ही कण्याच्या तळाशी असलेला नसांचा जुडगा दाबला गेल्याची चिन्हे आहेत. अशा रुग्णाला कुणीही हात लावू नये. त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. दिवसागणिक वाढणारी कमजोरी, कर्करोगाचा इतिहास, ताप व रात्रीची वेदना, ठिसूळ हाडे यांतही झटक्याचा उपचार वर्ज्य आहे. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आजही आढळतो, म्हणून संध्याकाळचा ताप आणि घटते वजन विचारल्याशिवाय पाठीला धक्का देणे हा निष्काळजीपणा आहे. मानेच्या बाबतीत शर्टाची बटणे लावता न येणे, चालताना तोल जाणे म्हणजे मज्जारज्जूवरच दाब. मानेला पिळ दिल्यानंतर रक्तवाहिनीचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. काही रुग्णांत ते अस्तर आधीच फाटू लागलेले असते आणि त्या मानदुखीसाठीच ते उपचाराला आलेले असतात, त्यामुळे कारण व परिणाम वेगळे काढणे अवघड जाते.

महाराष्ट्रातील स्थिती : कमरेत उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीवर पाय लावून घेण्याची चाल गावोगावी होती, अजूनही आहे. हाडवैदाकडे जाऊन पाठ चोळून, ओढून घेणारेही पुष्कळ. स्नायूच्या उसणीत यातून तात्पुरते बरे वाटते. पायात कळ जात असताना पाठीवर भार घेणे मात्र धोक्याचे आहे. अलीकडे मोबाइलवर मान-पाठ कडाकड मोडण्याच्या चित्रफिती पाहून तरुण मुले अशा केंद्रांत जातात. तिथे आधी पायाची ताकद, बधिरपणा आणि प्रतिक्षेप (हातोडी मारल्यावर पाय आपोआप उडणे) तपासले जातात की नाही, हे कोणत्याही चित्रफितीत दिसत नाही. अमेरिका-कॅनडात या व्यवसायासाठी अनेक वर्षांचे शिक्षण आणि परवाना लागतो. भारतात कायरोप्रॅक्टरांसाठी तशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, त्यामुळे काही दिवसांचे शिबिर केलेला माणूसही हाच फलक लावू शकतो. फिजिओथेरपिस्टची नोंदणी मात्र महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे असते. हातांनी मणक्यांवर उपचार करण्याचे शिक्षण त्यांच्यापैकीही अनेकांनी घेतलेले असते आणि नोंदणी क्रमांक मागितल्यास तो दाखवणे त्यांना अवघड नसते.