काळ, वेग व अंतराची शाब्दिक उदाहरणे

अंतर, वेग आणि काळ यांविषयीच्या शाब्दिक माहितीवरून समीकरण मांडून अज्ञात राशी काढण्याचा बीजगणितातील उदाहरणप्रकार. वेग एकसमान मानला, की अंतर = वेग × काळ हा एकच संबंध बहुतेक उदाहरणांना पुरतो. भौतिकशास्त्रात दिशारहित ‘चाल’ आणि दिशायुक्त ‘वेग’ यांत भेद करतात. या उदाहरणांत मात्र ‘वेग’ हाच शब्द रुळलेला आहे.

सूत्र पाठ असूनही विद्यार्थी अडतो तो मांडणीत. दोन प्रसंगांत कोणती राशी समान आहे आणि कोणत्या राशीतील फरक दिला आहे, हे उदाहरण वाचतानाच हेरावे लागते, कारण समीकरण तेथूनच निघते. समजा, ३०० किमी प्रवासात गाडीचा वेग ताशी १० किमीने वाढवल्यास १ तास वाचतो. येथे अंतर तेच असून काळांतील फरक दिलेला आहे; म्हणून मूळ वेग ताशी क्ष किमी मानल्यास ३००/क्ष − ३००/(क्ष + १०) = १ हे समीकरण मिळते. छेद घालवल्यावर क्ष² + १०क्ष − ३००० = ०, म्हणजेच (क्ष − ५०)(क्ष + ६०) = ० असे रूप येते. वेग ऋण नसल्याने −६० ही उकल सोडावी लागते आणि मूळ वेग ताशी ५० किमी ठरतो. ६ तासांचा प्रवास ५ तासांत होतो, हा ताळाही जुळतो. सोडलेल्या उकलीतील ६० हा आकडा वाढवलेल्या वेगाइतकाच यावा, हा योगायोग नव्हे : क्षच्या जागी −(क्ष + १०) घातले तरी समीकरण तेच राहते.

समोरासमोर येणाऱ्यांच्या वेगांची बेरीज आणि एकाच दिशेने जाणाऱ्यांच्या वेगांची वजाबाकी घेऊन तिने मधल्या अंतराला भागले, की भेटीचा काळ मिळतो. हा नियम आर्यभटाने इ. स. ४९९ मधील ‘आर्यभटीया’च्या गणितपादात दिला आहे. आगगाडी फलाट ओलांडते तेव्हा अंतर म्हणून दोहोंच्या लांबींची बेरीज धरावी लागते.

सर्वांत फसवी ती सरासरी. जाताना ताशी ४० आणि त्याच वाटेने परतताना ताशी ६० किमी वेग असल्यास सरासरी वेग ५० नव्हे, तर ४८ येतो. एकेरी अंतर अ किमी मानल्यास एकूण काळ अ/४० + अ/६० = अ/२४ तास होतो आणि २अ ला त्याने भागताना अ निघून जातो. कमी वेगाने जाण्यातच अधिक वेळ गेल्यामुळे सरासरी त्या बाजूला झुकते.