हिटलरचे धर्ममत आणि त्याच्या ख्रिस्ती असण्याचा वाद

अडॉल्फ हिटलर (१८८९–१९४५) ख्रिस्ती होता की नव्हता, हा वाद त्याच्या हयातीतच सुरू झाला आणि अजून शमलेला नाही. धर्माचे टीकाकार त्याची १९२२ ची भाषणे पुढे करतात, चर्चची बाजू मांडणारे १९४१ नंतरची खाजगी बोलणी पुढे करतात, आणि दोघांच्याही हाती काहीतरी पुरावा असतोच. वाद अडतो तो दोन कारणांनी. ख्रिस्ती कोणाला म्हणायचे हे न ठरवताच उत्तर दिले जाते. आणि निरनिराळ्या काळची, निरनिराळ्या श्रोत्यांपुढची, फार कमीजास्त भरवशाची वचने एकाच मोलाची धरली जातात. पुरावा नीट पारखला तर एवढे ठामपणे म्हणता येते : हिटलर कागदोपत्री अखेरपर्यंत कॅथलिक राहिला, जाहीर सभांत सोयीनुसार ख्रिस्ती म्हणवून घेत राहिला, खाजगीत चर्चचा आणि ख्रिस्ती शिकवणीच्या गाभ्याचा तिरस्कार करीत राहिला, आणि तरीही तो निरीश्वरवादी नव्हता.

कसोटी कोणती?

बाप्तिस्मा झालेला आणि चर्चमधून नाव न काढलेला माणूस ख्रिस्ती, असे म्हटले तर हिटलर ख्रिस्ती ठरतो. त्याने नाव काढले नाही, चर्चनेही त्याला बहिष्कृत केले नाही. आचरण ही कसोटी लावली, म्हणजे मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना), पापनिवेदन, कम्युनियन (प्रभुभोजनाचा विधी) पाहिले, तर प्रौढ वयातला हिटलर तिच्यावर उतरत नाही. श्रद्धेची कसोटी लावली, म्हणजे त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्ताचे देवत्व, क्रुसावरील मरणाने झालेले तारण आणि पुनरुत्थान या गोष्टी पाहिल्या, तर त्यांपैकी एकही त्याने मनापासून मानल्याचा भरवशाचा पुरावा नाही. चौथी कसोटी स्वतःच्या दाव्याची. दावा त्याने केला होता, पण तो कोणापुढे आणि कशासाठी, हे पाहिल्याशिवाय त्याला वजन देता येत नाही.

इथे एक पळवाट टाळायला हवी. ‘एवढे पाप करणारा खरा ख्रिस्ती असूच शकत नाही’ हा युक्तिवाद नैतिक निषेध म्हणून समजण्यासारखा आहे, इतिहास म्हणून तो निरुपयोगी आहे. त्यात उत्तर आधीच ठरलेले असते. कोणताही पुरावा आला तरी ते बदलत नाही.

जन्म आणि संस्कार

ऑस्ट्रियातील ब्राउनाउ गावी २० एप्रिल १८८९ रोजी जन्मलेल्या हिटलरचा बाप्तिस्मा कॅथलिक रीतीने झाला. आई क्लारा भाविक होती. वडील आलॉइस नावापुरते कॅथलिक, पाद्र्यांच्या वर्चस्वाविषयी नाराजी बाळगणारे. लाम्बाखच्या बेनेडिक्टाइन मठात तो काही काळ गायनवृंदात होता. १९०४ मध्ये लिंझ येथे त्याचा दृढीकरण संस्कार (बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करणारा विधी) झाला. यापुढे नियमित उपासनेचा माग लागत नाही. पुढे १९३८ मध्ये नाझी नेता गोरिंग याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता म्हणून उभा राहिला, पण असे प्रसंग राजकीय सोहळ्याचाच भाग होते. २९ एप्रिल १९४५ रोजी त्याने लग्न केले ते नोंदणी अधिकाऱ्यापुढे, आणि दुसऱ्या दिवशी आत्महत्येनंतर त्याचा देह कोणत्याही धर्मविधीविना जाळण्यात आला.

जाहीर भूमिका

नाझी पक्षाने २४ फेब्रुवारी १९२० रोजी जाहीर केलेल्या २५ कलमी कार्यक्रमातील २४ वे कलम या वादाचा पाया आहे. त्यात धर्मस्वातंत्र्याची हमी आहे, पण राज्याला धोका नसेल आणि जर्मन वंशाच्या नीतिभावनेला बाध येत नसेल तोवरच. पक्ष कोणत्याही एका पंथाला न बांधता ‘सकारात्मक ख्रिस्तीपणा’ मानतो आणि ‘ज्यू-भौतिकवादी वृत्ती’शी लढतो, असे ते कलम सांगते. येशूच्या शिकवणीबद्दल त्यात काही नाही. जर्मनीत प्रोटेस्टंट आणि कॅथलिक अशी जुनी फूट होती. दोघांनाही आत घेता येईल आणि कोणालाच काही देणे लागणार नाही, असा हा शब्दप्रयोग होता.

सर्वाधिक उद्धृत होणारे भाषण १२ एप्रिल १९२२ चे, म्युनिकमधले. ख्रिस्ती म्हणून माझी भावना मला माझ्या प्रभूकडे लढवय्या म्हणून पाहायला लावते, असे हिटलर त्यात म्हणाला आणि मंदिरातून व्यापाऱ्यांना चाबकाने हाकलणाऱ्या येशूचे चित्र त्याने रंगवले. हे वाक्य सुटे उचलले जाते तेव्हा संदर्भ गळून पडतो. बव्हेरियाचे मुख्यमंत्री लेर्खेनफेल्ड यांनी, माणूस आणि ख्रिस्ती या नात्याने मी ज्यूविरोधी होऊ शकत नाही, असे म्हटले होते. हिटलरचे बोलणे हे त्याला दिलेले प्रत्युत्तर होते. म्हणजे ते श्रद्धेचे निवेदन नाही. ज्यूद्वेषाला कॅथलिक बव्हेरियात धार्मिक परवाना मिळवून देणे हा त्याचा उद्देश. मात्र ते निव्वळ ढोंग होते असेही म्हणता येत नाही, कारण लढवय्या, ज्यूविरोधी, आर्य येशू ही कल्पना त्याने पुढे खाजगीतही सोडली नाही.

‘माइन काम्फ’मध्ये (पहिला खंड १९२५) ज्यूंविरुद्ध लढताना आपण प्रभूचेच कार्य करीत आहोत, असे वाक्य आहे. या पुस्तकाची मराठी भाषांतरे सहज मिळतात आणि मराठीतल्या चर्चा बहुधा त्यावरच थांबतात. पण ते सत्तेच्या आठ वर्षे आधीचे, प्रचारासाठी लिहिलेले पुस्तक आहे. त्यावरून १९४१ च्या हिटलरचे मत ठरवता येत नाही.

१९२८ मध्ये थुरिंगियातील नेता आर्टुर डिंटर याला पक्षातून काढण्यात आले, कारण तो पक्षालाच धर्मसुधारणेची चळवळ बनवू पाहत होता. हिटलरला मते हवी होती, नवा पंथ नको होता. २३ मार्च १९३३ रोजी राइखस्टागमध्ये (जर्मन संसदेत) त्याने दोन्ही ख्रिस्ती पंथांना राष्ट्रजीवन टिकवणारे सर्वांत महत्त्वाचे घटक म्हटले. त्याच दिवशी संसदेला वगळून कायदे करण्याची मुभा सरकारला देणारा सर्वाधिकार कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी मंजूर झाला. दोन-तृतीयांश बहुमतासाठी कॅथलिकांच्या सेंटर पक्षाची मते लागणार होती आणि ती मिळाली.

चर्चशी संबंध

२० जुलै १९३३ रोजी व्हॅटिकनशी करार झाला. सह्या जर्मनीचे उपचान्सेलर फॉन पापेन आणि कार्डिनल पाचेल्ली (नंतरचे पोप पायस बारावे) यांच्या. दोनच दिवसांनी हिटलरने रेडिओवरून प्रोटेस्टंट चर्चच्या निवडणुकीत ‘जर्मन ख्रिस्ती’ या नाझीधार्जिण्या गटाला पाठिंबा दिला आणि त्या गटाने सुमारे दोन-तृतीयांश मते मिळवली. त्या गटाचा ल्युडविग म्युलर राइखबिशप (साऱ्या जर्मनीचा प्रोटेस्टंट बिशप) झाला. १३ नोव्हेंबरला बर्लिनच्या श्पोर्टपालास्टमध्ये त्याच गटाच्या राइनहोल्ड क्राउझेने जुना करार (बायबलमधला ज्यू धर्मग्रंथांचा भाग) टाकून देण्याची आणि प्रेषित पौलाची शिकवण काढण्याची मागणी केली, तेव्हा अनेक पाद्र्यांचे डोळे उघडले. पाद्री मार्टिन नीम्योलर यांच्याभोवती विरोधक एकवटले आणि मे १९३४ मध्ये चर्चला राज्याच्या ताब्यात देणे नाकारणारा बार्मेनचा जाहीरनामा आला.

कॅथलिकांशी झालेला करारही पाळला गेला नाही. पोप पायस अकरावे यांचे जर्मन भाषेतील परिपत्रक २१ मार्च १९३७ रोजी, झावळ्यांच्या रविवारी, देशभरच्या चर्चमधून वाचले गेले. वंश आणि राज्य यांना देव करण्याचा त्यात निषेध होता. १९४१ च्या उन्हाळ्यात म्युन्स्टरचे बिशप गालेन यांनी अपंग व मनोरुग्णांच्या हत्येवर उघड प्रवचने दिली. हिटलरने ऑगस्टमध्ये ती मोहीम अधिकृतपणे थांबवली (प्रत्यक्षात हत्या अन्य मार्गांनी चालूच राहिल्या) आणि गालेन यांचा हिशेब युद्धानंतरसाठी राखून ठेवला. डाखाऊच्या छळछावणीत सुमारे २,७२० धर्मसेवक नोंदले गेले. त्यांतले २,५७९ कॅथलिक होते. हा आकडा मांडताना हेही सांगायला हवे की त्यांतले बहुसंख्य पोलिश होते. पोलिश राष्ट्राचे नेतृत्वच नष्ट करण्याच्या धोरणाचे ते बळी होते, त्यामुळे केवळ ख्रिस्तविरोधाचा पुरावा म्हणून हा आकडा वापरता येत नाही.

खाजगी मते आणि साधनांची पारख

वादाचा निकाल इथे लागतो, आणि गोंधळही इथेच सर्वाधिक आहे. कोणतेही वचन हाती आले की आधी तारीख पाहावी, मग श्रोते. ते कोणी, केव्हा टिपले आणि मूळ जर्मन पाठ उपलब्ध आहे का, हे त्यानंतर. अखेरीस त्याच काळच्या दुसऱ्या स्वतंत्र साधनाशी ते जुळते का, हे तपासावे. या क्रमाने गेल्यास प्रसिद्ध वचनांपैकी बरीच गळतात.

पहिले गळते हेर्मान राउशनिंग या नंतर विरोधात गेलेल्या नाझी नेत्याच्या पुस्तकातले ‘एकतर जर्मन व्हा नाहीतर ख्रिस्ती, दोन्ही होता येणार नाही’ हे वाक्य. राउशनिंगने हिटलरशी झालेल्या म्हणून दिलेल्या दीर्घ संभाषणांचा बनावटपणा वोल्फगांग हेनेल यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिला. जबाबदार इतिहासकार ते पुस्तक आता पुरावा म्हणून वापरत नाहीत. दुसऱ्या बाजूचे आवडते वाक्य, ‘मी पूर्वीप्रमाणेच कॅथलिक आहे आणि राहीन’, हे हिटलरचा लष्करी सहायक गेरहार्ड एंगेल याच्या नोंदींतले. त्या नोंदी दैनंदिनीच्या रूपात असल्या तरी युद्धानंतर जुळवलेल्या आहेत आणि त्यांतल्या तारखा जागोजागी चुकतात. या एकट्या वाक्यावर निष्कर्ष उभा करू नये.

‘टेबलावरची संभाषणे’ मधल्या पायरीवर येतात. जुलै १९४१ पासून मुख्य तळावर हिटलरची जेवणानंतरची बोलणी हाइनरिख हाइम टिपून घेत असे. १९४२ मध्ये काही महिने हे काम हेन्री पिकरकडे होते. देखरेख पक्षकार्यालयाचा प्रमुख मार्टिन बोर्मान याची, आणि तो कट्टर चर्चद्वेष्टा. नोंदी शब्दशः नाहीत. थोडक्यात टिपून मागाहून सांगून लिहवलेल्या आहेत. त्यातच १९५३ ची इंग्रजी आवृत्ती मोठ्या प्रमाणावर फ्रांस्वा जेनूच्या फ्रेंच भाषांतरावरून झाली, आणि तिच्यातील काही ख्रिस्तविरोधी वाक्ये जर्मन पाठात त्या रूपात सापडत नाहीत. म्हणून आधार घ्यायचा तर पिकरच्या किंवा १९८० च्या वेर्नर योखमान संपादित जर्मन पाठाचा घ्यावा. तरीही मूळ सूर बदलत नाही. ख्रिस्ती धर्माचे आगमन हा मानवजातीवरचा सर्वांत मोठा आघात, येशू आर्य, पौलाने त्याची शिकवण नासवली, विज्ञानापुढे चर्च आपोआप झिजेल आणि युद्धानंतर त्याचा प्रश्न सोडवायचा, हे मुद्दे जर्मन पाठातही पुन्हा पुन्हा येतात.

सर्वांत वजनदार साधन प्रचारमंत्री गोबेल्सची दैनंदिनी. ती त्या-त्या वेळी लिहिलेली आहे आणि बोर्मानच्या हाताखालून गेलेली नाही. डिसेंबर १९३९ च्या अखेरच्या नोंदीत गोबेल्स लिहितो की फ्युरर खोलवर धार्मिक आहे, पण पूर्णपणे ख्रिस्तविरोधी. ख्रिस्ती धर्म त्याला ऱ्हासाचे लक्षण वाटते. दोन वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या हेतूंनी केलेल्या नोंदी इथे जुळतात, म्हणून या चित्रावर विश्वास ठेवता येतो. याच्या उलट, म्युनिकचे कार्डिनल फाउलहाबर नोव्हेंबर १९३६ मध्ये ओबरझाल्त्सबेर्गला हिटलरला भेटून आले तेव्हा हा माणूस देवावर श्रद्धा ठेवून जगतो, असे त्यांनी नोंदवले. भेट खरी, नोंदही तत्कालीन. पण त्या भेटीत हिटलर कार्डिनलला जिंकायला बसला होता.

मग तो मानत काय होता? ‘नियती’ किंवा ‘विधाता’ हा शब्द त्याच्या तोंडी सतत असे. २० जुलै १९४४ च्या बॉम्बहल्ल्यातून वाचल्यावर रेडिओवर त्याने हा आपल्या कार्याला विधात्याने दिलेला कौल असल्याचे सांगितले. हा विधाता प्रार्थना ऐकणारा, पाप क्षमा करणारा पिता नाही. निसर्गनियम, बलवानाचा विजय आणि जर्मन वंशाचे श्रेष्ठत्व यांमागची शक्ती म्हणजे तो. गूढविद्येत रमणारा हिटलर हेही बहुतांशी मिथक आहे. सप्टेंबर १९३८ मध्ये न्यूरेंबर्गला त्याने अशा गूढवाद्यांना चळवळीत जागा नाही असे स्पष्ट सांगितले. एसएस या नाझी निमलष्करी दलाचा प्रमुख हिमलर आणि पक्षाचा सिद्धांतकार रोझेनबर्ग यांच्या धर्मकल्पना त्याच्या नावावर टाकण्याची चूक वारंवार होते.

वादात हमखास पुढे येणाऱ्या वस्तू

सैनिकांच्या पट्ट्याच्या बकलावरील ‘देव आमच्याबरोबर’ हे ब्रीद प्रशियाचे, नाझींपूर्वीचे आहे. भूदलाने ते चालू ठेवले. एसएसच्या बकलावर देवाचे नाव नव्हते, ‘निष्ठा हाच माझा मान’ असे होते. त्यामुळे बकल कोणत्याच बाजूचा पुरावा नाही. निरीश्वरवादी संघटनांवर १९३३ मध्ये आलेल्या बंदीचेही तसेच. हिटलरने तिची बढाई मारली हे खरे, पण त्या संघटना डाव्या कामगार चळवळीशी जोडलेल्या होत्या आणि बंदीचे मुख्य कारण ते होते. बोर्मानचे जून १९४१ चे परिपत्रक, ज्यात राष्ट्रीय समाजवाद आणि ख्रिस्ती धर्म एकत्र नांदू शकत नाहीत असे म्हटले आहे, ते बोर्मानचे आहे. हिटलरची सही असल्यासारखे ते उद्धृत करू नये.

अभ्यासकांतील मतभेद

रिचर्ड स्टाइगमान-गाल यांनी २००३ मध्ये दाखवले की अनेक नाझी नेते स्वतःला मनापासून ख्रिस्ती समजत होते आणि सकारात्मक ख्रिस्तीपणा हा त्यांच्यापुरता पोकळ शब्द नव्हता. त्यावर मोठी टीका झाली, तरी नेत्यांच्या एका थराबद्दल त्यांचा मुद्दा टिकून आहे. रिचर्ड वाइकार्ट हिटलरला निसर्गालाच ईश्वर मानणारा ठरवतात. मिकाएल निल्सन हे संभाषणांच्या नोंदींवर कठोर शंका घेतात आणि हिटलरच्या विचारात येशूला असलेले स्थान अधोरेखित करतात. सुझाना हेशेल यांचे काम मात्र वेगळ्या दिशेचे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे : मे १९३९ मध्ये वार्टबुर्ग येथे उद्घाटन झालेल्या आणि आयझेनाखमधून चाललेल्या संस्थेत वाल्टर ग्रुंडमानसारखे प्रोटेस्टंट प्राध्यापक स्वखुशीने ख्रिस्ती धर्मातून ज्यू अंश खरवडून काढत होते. त्यांच्यावर हिटलरने सक्ती केली नव्हती.

अनुयायांचा धर्म

मे १९३९ च्या जनगणनेत, ऑस्ट्रिया धरून, सुमारे ५४ टक्के लोकांनी प्रोटेस्टंट, ४० टक्क्यांनी कॅथलिक, ३.५ टक्क्यांनी ‘ईश्वर मानणारे’ (चर्च सोडलेल्या नाझींसाठी १९३६ मध्ये आणलेला प्रवर्ग) आणि सुमारे १.५ टक्क्यांनी श्रद्धाहीन अशी नोंद केली. एका माणसाच्या मनात काय होते यावर शतकभर खल करताना हे आकडे बाजूला पडतात. रेल्वे चालवणारे, याद्या करणारे, पहारा देणारे बहुतेक लोक बाप्तिस्मा घेतलेले होते आणि ज्यूंना ख्रिस्ताचे मारेकरी ठरवणारी शिकवण शतकानुशतके ऐकत आलेल्या समाजातले होते. हिटलरचा वंशवादी ज्यूद्वेष त्या शिकवणीहून निराळा होता, बाप्तिस्म्याने तो टळत नसे. पण त्याला ऐकणारे कान तिनेच तयार केले होते. ऑक्टोबर १९४५ मध्ये जर्मन प्रोटेस्टंट नेत्यांनी श्टुटगार्टला आपल्या दोषाची कबुली दिली, तीत ज्यूंचा उल्लेख नव्हता. तो एप्रिल १९५० मध्ये, बर्लिन-वाइसेन्झेच्या धर्मसभेत आला.