मनोनकाशा

पानाच्या मधोमध विषय लिहून त्यातून चहूबाजूंनी फांद्या काढत माहिती मांडण्याची पद्धत. शिक्षक सर्रास ‘माइंड मॅप’च म्हणतात. हे नाव रूढ केले ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी, १९७४ मधील बीबीसीच्या ‘यूज युवर हेड’ या मालिकेच्या सुमारास. मांडणी मात्र जुनी आहे. तिसऱ्या शतकातील तत्त्वज्ञ पॉर्फिरी याच्या वर्गीकरणावर बेतलेले ‘पॉर्फिरीचे झाड’ मध्ययुगीन युरोपात तर्कशास्त्र शिकवताना वापरत.

बुझान यांचे नियम थोडके : कागद आडवा, मध्यभागी चित्र, फांद्या वळणदार आणि रंगीत, एका फांदीवर एकच शब्द. शेवटचा नियम मुलांना सर्वांत जड जातो, कारण पूर्ण वाक्यात उत्तर लिहायची सवय हाडात मुरलेली असते. चौथीच्या वर्गात मधोमध ‘किल्ला’ लिहिला, की गिरिदुर्ग, जलदुर्ग, भुईकोट अशा फांद्या फुटतात. पुढे रायगड, सिंधुदुर्ग, चाकण. कोणीतरी ‘पाण्याचे टाके’ सुचवते आणि ते कुठे जोडायचे यावरून वाद होतो. ते गिरिदुर्गाचे, की सगळ्याच किल्ल्यांचे? सिंधुदुर्गात तर चहूकडे समुद्र असून आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. या वादात जेवढे शिकणे होते, तेवढे नीटनेटक्या तयार नकाशात होत नाही.

बालभारतीच्या पुस्तकांतले ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ हे याचेच भावंड वाटते, पण तिथे चौकटी आधीच आखलेल्या असतात. मुलाने फक्त रिकाम्या जागा भरायच्या. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जोसेफ नोव्हाक यांनी १९७० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात विकसित केलेला संकल्पना-नकाशा आणखी वेगळा. त्यात दोन संकल्पनांना जोडणाऱ्या रेषेवरही शब्द लिहावा लागतो, जसे ‘मुळे’ किंवा ‘पासून बनते’. त्यामुळे संबंध नुसता दाखवून भागत नाही, सांगावा लागतो.

उपयोगाबद्दलचे दावे बरेचदा फुगवलेले असतात. मनोनकाशामुळे मेंदूचे डावे-उजवे दोन्ही अर्धे एकत्र कामाला लागतात, ही कथा तर सोडूनच द्यावी. २००२ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगात मनोनकाशा काढणाऱ्यांना आठवड्यानंतर मजकूर थोडा अधिक आठवला, पण पद्धतीबद्दल त्यांचा उत्साह कमीच होता. कार्पिक व ब्लंट या संशोधकांच्या २०११ मधील प्रयोगात मजकूर समोर ठेवून संकल्पना-नकाशा काढणाऱ्यांपेक्षा मजकूर मिटून आठवून लिहिणारे सरस ठरले. म्हणून काही शिक्षक आता धडा झाल्यावर पुस्तके दप्तरात ठेवायला लावतात आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढाच नकाशा काढून घेतात. मग पुस्तक उघडून राहिलेल्या फांद्या दुसऱ्या रंगाने जोडायच्या.