दगडफुलात राहतं कोण?

चैत्र-वैशाखात कोल्हापुरात घरोघरी वर्षाची चटणी होते. मिरच्या वाळतात, मसाले भाजले जातात, डंकावर नंबर लागतात. त्या मसाल्यात दगडफूल हवंच. पण त्याच दगडफुलाबद्दल एक समज अजून टिकून आहे: ते दगड झिजवतं, म्हणून त्याचा काढा प्यायला की मूतखडा विरघळतो. दगडफूल खडक झिजवणारी आम्लं सोडतं, हे खरं. त्यांतलं एक ऑक्झॅलिक आम्ल. कॅल्शियमशी त्याचा संयोग झाला की कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक बनतात, आणि माणसाचे बहुतेक मूतखडे नेमके याच क्षाराचे असतात! तेव्हा पोटात कळ आली तर दवाखाना गाठावा. दगडफूल मसाल्यात राहू द्यावं.

दगडफूल हे फूल नाही आणि नुसतं शेवाळही नाही. शाळेत आपण शिकलो ते असं, की बुरशी आणि शैवाल यांचं हे सहजीवन. शैवाल उन्हात साखर बनवतं, बुरशी त्याला निवारा आणि ओलावा देते. सिमोन श्वेंडनर या स्विस शास्त्रज्ञाने 1867 साली ही कल्पना मांडली तेव्हा त्या काळचे दगडफूल-अभ्यासक भडकले होते. पुढे ती इतकी रुळली, की दोघांपलीकडे कुणी असेल का, हे विचारणंच मागे पडलं. प्रयोगशाळेत मात्र ही जोडी एकत्र वाढवून निसर्गातल्यासारखं दगडफूल क्वचितच तयार व्हायचं.

दगडफुलांचे अभ्यासक टोबी स्प्रिबिल यांचं काम मला फार मोलाचं वाटतं ते इथे. अमेरिकेत मोंटानाच्या जंगलात झाडांवर लोंबणारी ब्रायोरिया वंशाची दोन दगडफुलं आहेत. एक तपकिरी, तिथले मूळ रहिवासी ते खात आले. दुसरं पिवळसर आणि विषारी, कारण त्यात व्हल्पिनिक आम्ल भरपूर. पण डीएनए तपासला तर दोन्हींत बुरशी तीच, शैवालही तेच. मग विष आलं कुठून?

स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी आरएनए तपासला. डीएनएवरून पेशीत कोणती जनुकं आहेत ते कळतं. त्यांतली कोणती त्या घडीला कामाला लागली आहेत ते आरएनएवरून. त्यांनी आधी ओळखीच्या बुरशीचे आणि शैवालाचे आरएनए तेवढे पाहिले. दोन्ही दगडफुलांत काहीच फरक दिसेना. मग त्यांनी ही मर्यादा काढून टाकली आणि नमुन्यात इतर कुठल्या बुरशीचा आरएनए आहे का, ते शोधलं. तेव्हा बॅसिडिओमायसीट गटातल्या, म्हणजे अळंबीच्या दूरच्या नात्यातल्या, एका यीस्टच्या, म्हणजे एकपेशी बुरशीच्या, खुणा सापडल्या. पिवळ्या दगडफुलात त्या कितीतरी जास्त होत्या. हे यीस्ट बाहेरून चिकटलेली घाण असू शकत होतं. म्हणून त्या आरएनएला जाऊन चिकटणारे चमकणारे रेणू वापरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर यीस्टच्या पेशी दगडफुलाच्या सालीतच, चिकट शर्करांच्या थरात रुतलेल्या दिसल्या. 2016 साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात हे छापून आलं. तोवर सहा खंडांतल्या 52 वंशांच्या दगडफुलांत अशी यीस्ट सापडली होती.

लगेच ‘दीडशे वर्षांचं विज्ञान उलटलं’ अशा बातम्या झळकल्या. उलटलं काहीच नव्हतं. ते विष यीस्ट स्वतः बनवतं, हे या प्रयोगातून सिद्ध होत नाही. दोन्ही सोबत आढळतात, एवढंच. शिवाय 2019 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी 339 जातींचा डीएनए तपासला, तेव्हा या गटाची यीस्ट थोड्याच जातींत निघाली. म्हणजे तिसरा सोबती काही ठिकाणी आहे, सगळीकडे नाही. शिवाय जिवाणूही असतात, त्यांचा हिशेब वेगळाच.

कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरी बाजारातून आणलेल्या दगडफुलाच्या पुडीत बहुधा एकाहून अधिक जाती मिसळलेल्या असतात. दगडफुलाची शेती कुणी करत नाही. ते जंगलातल्या झाडांवरून आणि खडकांवरून खरवडून आणतात, आणि ते वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. कॉलेजात शिकणाऱ्यांनी त्यातला एक तुकडा भिजवून, ब्लेडने उभा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जरूर पाहावा. वरची साल, तिच्याखाली शैवालाचा हिरवा पट्टा, त्याखाली बुरशीचे पांढरे धागे, असे थर स्पष्ट दिसतात. यीस्ट असलंच, तरी साध्या सूक्ष्मदर्शकात ते ओळखता येणार नाही. त्यासाठी तो चमकणारा रेणूच लागतो.