लागुआतमधील रस्ता

लागुआतमधील रस्ता : फ्रेंच चित्रकार व लेखक यूजेन फ्रॉमांतँ (१८२०–७६) याचे तैलचित्र. पॅरिसच्या १८५९ च्या सालाँ प्रदर्शनात ते मांडले गेले. सध्या ते उत्तर फ्रान्समधील दुए येथील शार्त्रझ संग्रहालयात आहे.

लागुआत हे अल्जीरियाची राजधानी अल्जीयर्सच्या दक्षिणेस सुमारे ४०० किमी.वर, सहाराच्या वेशीवर वसलेले मरूद्यान-शहर. चित्रात तिथली एक अरुंद गल्ली भर दुपारच्या उन्हात दिसते. मातकट, जवळजवळ बिनखिडक्यांच्या भिंती, वर आभाळाची कडक निळी पट्टी आणि भिंतीच्या पायथ्याशी जेवढी सावली पडली आहे तेवढ्यात अंग चोरून, वस्त्र गुंडाळून पडलेले पुरुष. घडत काहीच नाही. जनानखाना, शिकार, उधळलेले घोडे हा त्या काळच्या पौर्वात्यवादी (उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियातील जीवन रंगवणाऱ्या यूरोपीय) चित्रांचा हुकमी मसाला इथे औषधालाही सापडत नाही. चित्राचा खरा विषय म्हणजे सावली.

फ्रॉमांतँ १८५३ च्या उन्हाळ्यात इथे राहिला होता. १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहारावरील प्रवासवर्णनात त्याने ही सावली जवळजवळ तासातासाने टिपली आहे. दुपारी एकच्या सुमारास ती जमिनीवर जेमतेम उमटते. भिंतीला पाठ चिकटवून उभे राहिले तरी डोक्याला ऊन चाटून जातेच, आणि तापलेल्या फरशीवरून जाणारी कुत्री कळवळतात. पुढे ती हळूहळू रुंदावते. ही सावली काळी नसते, खोल पाण्यासारखी गडद तरीही पारदर्शक असते, हे त्याचे निरीक्षण. चित्रातल्या सावलीत रंग का भरले आहेत, याचा उलगडा त्यावरून होतो.

या शांततेला एक दुसरी बाजू आहे. फ्रॉमांतँ पोहोचण्याच्या जेमतेम सहा महिने आधी, ४ डिसेंबर १८५२ रोजी, जनरल पेलिसिएच्या फ्रेंच फौजेने लागुआत हल्ला करून जिंकले आणि रहिवाशांची मोठी कत्तल केली. प्रवासवर्णनात त्याच्या खुणा जागोजाग आहेत. शहराबाहेरच्या धुळीत पडलेला एका स्त्रीचा तुटलेला हात फ्रॉमांतँने उचलला आणि टाकून दिला, या प्रसंगाची आठवण अल्जीरियन लेखिका आसिया जेबार यांनी १९८५ च्या आपल्या कादंबरीच्या अखेरीस मुद्दाम काढली आहे. लेखक फ्रॉमांतँने जे नोंदवले त्यातले चित्रकार फ्रॉमांतँने या कॅनव्हासवर काहीही येऊ दिले नाही. झोपलेली माणसे क्षणभर मृतांसारखी भासतात हे खरे. पण तो त्याचा हेतू होता, असे म्हणायला चित्रात पुरेसा आधार नाही.

१८५३ नंतर तो अल्जीरियाला परतला नाही. १८६९ मध्ये सुएझ कालव्याच्या उद्‌घाटनासाठी इजिप्तला गेला तेवढेच. अल्जीरियाची चित्रे मात्र रेखाटने आणि आठवणी यांच्या आधारे पॅरिसमध्ये बसून तो काढत राहिला. त्यांत अशा निजलेल्या गल्ल्या थोड्या. मागणी घोडेस्वारांना आणि ससाण्यांच्या शिकारीला होती.