शाळेतली तक्रार: ‘कोणत्याही वयाची’ या दोन शब्दांमागचं

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिलेल्या विशाखा निकालात डोळ्यांसमोर होती ती मुख्यतः नोकरी करणारी स्त्री. याच विषयावरच्या २०१३ च्या कायद्याने तक्रार करू शकणाऱ्या स्त्रीची व्याख्या बदलली: ‘कोणत्याही वयाची, नोकरीत असलेली किंवा नसलेली’. म्हणजे शिक्षिका आली, कंत्राटावरच्या मावशी आल्या, मुलीला घ्यायला आलेली आईही आली.

मग विद्यार्थिनी? शब्द धरले तर तीही येते आणि २०२० मध्ये एका उच्च न्यायालयाने तसंच म्हटलं. गोंधळ इथूनच सुरू होतो. अठराच्या आतल्या मुलामुलींसाठी नोव्हेंबर २०१२ पासून पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, आहे. २०१३ च्या कायद्यात तक्रार करणं हा हक्क आहे. पोक्सोत मात्र ज्याला कळलं त्याने पोलिसांना सांगणं बंधनकारक, मग तो वर्गशिक्षक असो वा शिपाई. पालकांच्या संमतीची अट नाही, मुदतही नाही. तरीही ‘आधी आपली समिती (२०१३ च्या कायद्याखालची शाळेची अंतर्गत समिती) बघेल’ म्हणून प्रकरण दाबून ठेवलं जातं. समितीच्या चौकशीला नव्वद दिवस मिळतात. तेवढ्यात न कळवल्याचा गुन्हा मुख्याध्यापकांवरच येऊ शकतो. हाताखालच्या माणसाचं कृत्य लपवलं तर शिक्षा एक वर्षापर्यंत. मुलगाही पोक्सोत येतो, २०१३ च्या कायद्यात नाही. पुरुष शिक्षकालाही या समितीकडे जाता येत नाही.

प्रौढ स्त्रीची तक्रार लेखी, सहा प्रतींत, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर आणखी तीन. लिहिता येत नसेल तर समितीने लिहून घ्यायची. ती स्वतः करू शकत नसेल, तर घटना माहीत असलेली व्यक्ती तिच्या लेखी संमतीने करू शकते. शाळेत दहापेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार खुद्द संस्थाचालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. दादरच्या शाळेसाठी शहर जिल्हा, अंधेरीसाठी उपनगर.

जून २०२२ मध्ये मुंबई पोलिसांचा एक विचित्र आदेश निघाला: सहायक आयुक्तांची शिफारस आणि उपायुक्तांची परवानगी असल्याशिवाय पोक्सोचा गुन्हा नोंदवायचा नाही. जागेच्या, पैशांच्या भांडणातून खोट्या तक्रारी येतात, हे कारण. कायद्यात अशी पायरी कुठेच नाही. टीका झाली, आदेश मागे घ्यावा लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत अत्याचार झालेल्या मुलींच्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास थांबावं लागलं. त्यानंतरच्या शासन निर्णयाने शाळांवर चोवीस तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवण्याचं बंधन घातलं. पण तिथे कळवलं म्हणजे पोलिसांना कळवलं, असं होत नाही.